पोपटी करंगळी

घरात नवी वस्तू आली की मागोमाग किस्सेही येतात. थ्रीडी प्रिंटरची तऱ्हा वेगळी. त्याच्यातून वस्तू कमी आणि किस्सेच जास्त बाहेर पडतात! आमच्या दारामागे एक कापडी पिशवी टांगलेली आहे. फसलेले तुकडे मी तिच्यात टाकतो. पिशवी आता भरत आलीय.

मी जळगावात शाळेत चित्रकला शिकवतो. प्रिंटर घेतला तेव्हा वाटलं, घरातच कारखाना झाला! कॉम्प्युटरवर आकार काढायचा, बटण दाबायचं, वितळलेलं प्लॅस्टिक थरावर थर बसत जातं आणि वस्तू तयार. यंत्रासोबत ऑफरमध्ये प्लॅस्टिकची तीन मोठी रिळं मिळाली. तिन्ही पोपटी. त्यामुळे यापुढचं सगळं पोपटी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

यंत्र ठेवलं जेवणाच्या टेबलावर. शैला, म्हणजे माझी बायको, तीन महिने ताट मांडीवर घेऊन जेवली. मग एके दिवशी शांतपणे म्हणाली, "आखाजीपर्यंत याच्यातून एक तरी कामाची वस्तू काढा. नाहीतर दुसऱ्या दिवशी हे खोकं भंगारवाल्याला."

आखाजी म्हणजे आमची खान्देशातली अक्षय्य तृतीया. दिवाळीपेक्षा मोठा सण. शैला ओरडली तर मी घाबरत नाही, पण शांतपणे बोलली की घाबरतो.

*

समोरच्या घरात नाना आणि अक्का राहतात. शेती एरंडोलकडे, राहणं जळगावात. यंत्र बघायला पहिले आले ते नाना.

"नाना, हे प्लॅस्टिक मक्यापासून बनतं बरं का!" मी कौतुकाने सांगितलं.

नानांनी तुकडा दाताखाली धरून पाहिला. "मंग म्हैसले चालस का?"

"नाही हो."

"मंग काय उपेग!"

*

तरी मी हटलो नाही. आठवडाभरात नानांच्या शेतातल्या ठिबकच्या नळीचा जोड फुटला. मी म्हटलं, "नाना, दुकानात जाऊ नका. हा मी काढून देतो!"

मापं घेतली, आकार काढला. पहिला जोड अर्ध्यातच प्लेटवरून सुटला आणि यंत्राने हवेत शेवया काढल्या. दुसरा पुरा झाला, पण नळाखाली धरला तर थराथरातून पाझरायला लागला. तिसरा लावला तोवर दुपार झाली होती. नाना मधेच उठून गेले, ते संध्याकाळी पायाला चिखल लावून परत आले. त्यांनी स्टँडजवळच्या दुकानातून मूठभर जोड घेतले होते, शेतात जाऊन बसवले होते आणि पाणी देऊनही झालं होतं.

"व्हयनं का?" त्यांनी विचारलं.

"होतंय. सत्तर टक्के झालंय."

"होऊ दे, होऊ दे," नाना समजुतीने म्हणाले. "पुढला सालले कामले ई."

*

धुळ्याला माझा मित्र दिलीप मिक्सर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच्या गाडीसाठी मी मोबाइलचा स्टँड केला. सुंदर झाला होता! दिलीपने तो गाडीत लावला, एप्रिलच्या उन्हात गाडी उभी केली आणि तासाभराने मला फोटो पाठवला. स्टँडने मान टाकली होती.

मी फोनवर समजावलं, "अरे, साठ डिग्रीच्या आसपास हे मटेरियल मऊ पडतं."

"सर, मग आपल्याकडे कशाला विकतात?" दिलीप म्हणाला. "इथे माणसंच कशीबशी कडक राहतात!"

*

पण दिलीपकडेच माझं नशीब उघडेल असं वाटलं होतं. एक गृहस्थ जुनापुराणा मिक्सर घेऊन आले. बटण तुटलेलं, आणि तसं बटण आता कुठे मिळत नव्हतं. नाशिकपर्यंत विचारून झालं होतं. हे काम खरं आपलं! जे दुकानात मिळतं ते घरी काढण्यात अर्थ नाही, जे कुठेच मिळत नाही ते काढावं, एवढी अक्कल तोवर मला आली होती. मी बटण केलं आणि स्वतः बस धरून धुळ्याला गेलो. बटण चपखल बसलं! गृहस्थांनी ते तीनदा फिरवलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मिक्सर सुरूच होईना. मोटर जळालेली होती.

"राहू द्या," गृहस्थ म्हणाले. "बटण छान आहे." ते काढून त्यांनी खिशात टाकलं आणि मिक्सर तिथेच सोडून निघून गेले.

शैलाने हे यशात धरलं नाही.

*

शेवेच्या साच्याची जाड चकती हरवली तेव्हा मीच पुढे झालो. ती नसली तर शेवभाजीची शेव कशी पाडणार? चकती केली, शैलाने पीठ भरलं, दांडा फिरवला. पहिल्या दोन फेऱ्या उत्तम पडल्या. तिसऱ्या फेरीला आतून कट्‌ असा आवाज आला.

शैलाने झाऱ्याने शेव उलटी केली. "हे पोपटी काय आहे?"

"मिरची असेल."

त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी फार शांतपणे बोलत होती.

*

आखाजीला तीन आठवडे उरले आणि माझं लक्ष अक्कांच्या हाताकडे गेलं.

अक्कांच्या उजव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. तरुणपणी कडबा कापायच्या यंत्रात गेली. अक्का उरलेल्या तीन बोटांनी सगळं करतात, कधी कुरकुर नाही. फक्त गप्पा मारताना तळहाताची रिकामी कड खाजवत बसायची सवय. मी म्हटलं, अक्का, तुम्हाला बोटं करून देतो. आखाजीचे मांडे पाची बोटांनी करा!

खरं सांगतो, त्यात अक्कांपेक्षा माझीच गरज मोठी होती.

अक्का नाही म्हणाल्या नाहीत. मी चारदा माप घेतलं. प्रत्येक बोटाला दोन सांधे, आत इलॅस्टिक, पंजाभोवती पट्टा. पोपटी रंगाची मी माफी मागितली तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे भाऊ. हिरव्या बांगड्यासले शोभस."

आखाजीला नानांच्या अंगणात चूल पेटली. चुलीवर पालथं खापर तापलेलं, माहेरी आलेल्या लेकी कडुनिंबाच्या झोक्यावर, आणि आम्ही सगळे अक्कांभोवती. अक्कांनी बोटं चढवली. पुरणाचा उंडा लाटून हातावर घेतला आणि या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत फिरवायला लागल्या. मांडा कापडासारखा पसरत गेला. मग प्लॅस्टिकच्या थरांच्या बारीक रेषा त्यात अडकल्या आणि मांडा मधोमध फाटला. दुसरा फाटला. तिसरा खापरावर टाकताना करंगळीला धग लागली आणि ती वाकली.

नाना झोक्याजवळून ओरडले, "सरळ बोटघाई तूप निंघत नही म्हनतस. आते वाकडं व्हयनं, काढ तूप!"

सगळे हसले. अक्कांनी बोटं काढून बाजूला ठेवली आणि तीन बोटांनी एकामागून एक असे पंधरा मांडे टाकले. एकालाही भोक नाही. मी पोटभर जेवलो, पण शैलाकडे बघायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याची हातगाडी आमच्या फाटकाशी उभी होती. काटा लावून तो तयार होता. मी ओट्यावर बसून प्रिंटरची वायर गुंडाळत होतो. शैला दारात उभी होती, फसलेल्या तुकड्यांची ती पिशवी हातात घेऊन.

तेवढ्यात अक्का आमचा स्टीलचा डबा परत द्यायला आल्या. उजव्या हातात बोटं चढवलेली, करंगळी वाकडीच.

"अक्का, काढा हो ते," मी म्हटलं. मला खरंच लाज वाटत होती. "कशाच्याच कामाचं नाही."

अक्कांनी ऐकलं नाही. त्या माझ्या शेजारी टेकल्या, डबा खाली ठेवला आणि डाव्या हाताच्या नखांनी ती पोपटी करंगळी खाजवायला लागल्या. वरपासून खालपर्यंत, सावकाश. डोळे मिटलेले.

"बत्तीस साल व्हयनात भाऊ," त्या म्हणाल्या. "बोट नही, पन खाज येस. हवाले कितलं खाजाडू? काल रातले आशीच बसनू, हाई चढाई, आन् खाज हातले लागनी."

भंगारवाल्याने काटा हलवला. "ताई, काय काय द्यायचंय?"

"काही नाही, पुढे जा," शैला म्हणाली. मग ओट्यावर येऊन अक्कांसमोर बसली.

"गेली का हो, अक्का?"

"करंगळीनी गई," अक्का डोळे न उघडता म्हणाल्या. "आते शेजारनी."