भिंतीवरच्या बाई

“भिंतीवरच्या बाई आज खाली उतरल्यात का?”

काउंटरवरून आवाज आला तेव्हा मी कपाटामागे खोकल्याच्या बाटल्या उगाचच सारख्या करत होते. शेठ हसले. “अंदर छे, साहेब. शरमाय छे.”

औषधांच्या दुकानात फार्मासिस्टचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं तुम्हीही पाहिलं असेल, कोपऱ्यात फोटो असलेलं. नव्वदच्या दशकात गुजराती मुलखातल्या आमच्या पांडेसऱ्यात काही दुकानांत ती फ्रेमच नोकरी करायची. फोटोतलं माणूस भलत्याच गावी. हे साहेब औषध निरीक्षक. आधी फ्रेम बघायचे, मग माणूस शोधायचे. आमच्या फ्रेममधली मी मात्र दुकानात खरोखर असायचे, फक्त कपाटामागे. इंग्रजी शाळेत शिकलेली मी. गिऱ्हाईक समोर आलं की मराठी घशातच राहायची. घरची अहिराणी तर मी नुसती ऐकायचे.

साहेब धुळ्याकडचे. चष्मा कायम कपाळावर आणि गोळ्यांची पट्टी वाचायला डोळ्यांपाशी नेलेली. एकदा त्यांनी फ्रीज उघडला. इन्सुलिनला खेटून शेठची छास, आपलं ताक.

“शेठ, इन्सुलिनला छास पाजता का?”

“साहेब, गरमी बहु छे. तुम्हीपण थोडी घ्या.”

“सरकारी पोट आहे. बाहेरचं पचत नाही,” म्हणत त्यांनी नोटीस लिहिली.

पुढे दुकानात फोन बसला आणि शेठना नवा धंदा सुचला. फोन करा, औषध घरपोच. डॉक्टरची चिठ्ठी कोण मागतो? मिलच्या चाळींतून फोन येऊ लागले. तिथल्या आमच्या अहिराणी लोकांची रीत अशी, की एकीला लागू पडलेली गोळी आठवड्यात सगळ्या चाळीत फिरते. शेठ फोनवर हो म्हणायचे आणि मोपेड काढायचे.

साहेबांना हे खपेना. “दुकानात माणसाचं तोंड तरी दिसतं. फोनवर तेही नाही. मग विचारायला नको, गोळी जाणार कोणाच्या पोटात?”

मग ते परीक्षा घेऊ लागले. म्हातारीचा आवाज काढून फोन करायचे आणि झोपेच्या गोळ्या मागायचे. आवाज तसा बरा जमायचा. पण फोन करायचे समोरच्याच एसटीडी बूथवरून. काचेतून कपाळावरचा चष्मा स्पष्ट दिसायचा. शेठ त्यांच्याकडे बघतच अदबीनं म्हणायचे, “माजी, चिठ्ठी विना नहीं मळे.” साहेब खूश होऊन रस्ता ओलांडायचे. त्यांचं पाऊल वळलं की पुढच्या फोनला शेठ पुन्हा हो म्हणायचे.

साहेबांना ते कळत होतं असं मला वाटतं. कारण शेवटच्या भेटीत ते कपाटाला वळसा घालून थेट माझ्यापाशी आले. निवृत्त होऊन गावी निघाले होते. हातात बारडोलीच्या गुळाचा पुडा.

“बाई, शेठ विकणारच, त्याचा धंदा आहे. विचारायचं तुम्ही. फोन तुम्ही उचला.”

मी मान डोलावली. त्यांनी गूळ ठेवला आणि ते गेले.

काही दिवसांनी दुपारी शेठ जेवायला बसले असताना फोन वाजला. वाजतच राहिला. मी उचलला. म्हातारीचा घोगरा आवाज. “सूनबाईना पाय सुजनात, डोकं दुखस. शेजारीन लेस ती गुलाबी गोळी धाडी द्या.”

मला हसूच आलं. साहेब परत आले, परीक्षा माझी. मी समोर बघितलं. बूथ रिकामा होता. आत फक्त रिसीव्हर जागेवर टांगलेला.

हसू गेलं. गुलाबी गोळी म्हणजे अंगदुखीची, चाळीत सगळ्यांच्या डब्यात असते ती. मागून शेठ घास गिळत म्हणाले, “हा पाडी दे ने, बेन. हुं आपी आवीश.” म्हणजे मी हो म्हणायचं, ते पोचवून येणार.

“मावशी,” मी म्हटलं, आणि पुढचं अहिराणीतच आलं, “गोळी कोना पोटमा जाई?”

“सूनबाईना. सातवा महिना शे तिले.”

शेठनी हात पुसत फोनसाठी पुढे केला. सातव्या महिन्यात पाय सुजणं, डोकं दुखणं ही रक्तदाब चढल्याची खूण असू शकते, आणि ती गोळी बाळालाही धोक्याची. मी रिसीव्हर सोडला नाही.

“नही मावशी,” मी म्हटलं, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “ती गोळी तिले नही. तिले आत्तेच दवाखानामा लई जा.”