आप्पांची दोनशे पानी वही

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई मी लहान असल्यापासून म्हणत आलीय. त्यामुळे मालेगावच्या मुसलमान मुलाशी लग्न करणार आहे, हे मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कसलीही प्रस्तावना न करता सांगून टाकलं. आप्पा पोहे खात होते. त्यांनी घास नीट चावून गिळला, वर पाणी प्यायले आणि विचारलं, "धर्म बदलणार आहेस?"

"नाही. तोही बदलणार नाही. रजिस्टर लग्न करतोय. महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते, ती काल दिली."

"काल दिली. मग मला आज कशाला सांगतेस?"

"साक्षीदार तीन लागतात. दोन आहेत. तिसरी सही तुमची हवीय मला."

आप्पा उठले. हात धुतले, चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि दोनशे पानी वही घेऊन आले. "शास्त्र काय म्हणतं ते बघतो," म्हणाले आणि खोलीत जाऊन बसले.

माझं डोकंच फिरलं. लग्न माझं आणि परवानगी शास्त्राची? पण आप्पांचंही एक होतं. सटाण्याकडच्या शाळेत जन्मभर मास्तरकी करून ते नाशकात राहायला आले, तरी दर श्रावणात गावी जाऊन पोथी वाचायचे. सगळी भाऊकी समोर मांडी घालून बसायची. कुणाच्या घरी कसला पेच पडला की आप्पांना फोन यायचा. आता पेच त्यांच्याच घरी पडला होता. चारच दिवसांत धाकट्या काकांचा फोन आला. काकांचा आवाज असा की स्पीकर लावायची गरज नाही. "भाऊ, शास्त्रमा हाई कोठे लिखेल शे?"

"शास्त्रात कुठे लिहिलंय तेच बघतोय," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

मग सुरू झाल्या पंचवटीच्या फेऱ्या. आप्पांचा गुडघा दुखतो, म्हणून स्कूटरवरून नेणार कोण? मीच! माझ्याच लग्नाविरुद्धचे पुरावे गोळा करायला मीच ड्रायव्हर. पहिल्या शास्त्रीबुवांनी दारातच नाही म्हणून सांगितलं. दुसरे फार म्हातारे होते. त्यांनी विवाहाचे आठही प्रकार समजावून सांगितले आणि म्हणाले, "गांधर्वविवाहात दोघांची मर्जी बघतात. बाकीचं आपण मागाहून चिकटवलं." तिसऱ्यांनी आप्पांनाच विचारलं, "तुम्हाला काय काढायचंय? दोन्ही निघतं." आप्पांनी हेसुद्धा वहीत लिहून घेतलं. डावीकडच्या पानावर प्रतिकूल, उजवीकडच्या पानावर अनुकूल, मध्ये लाल शाईची रेघ.

तिकडे मालेगावातही हेच चालू होतं. आम्ही दोघं एकाच कॉलेजात शिकवायचो. त्याने घरी सांगितलं तेव्हा त्याचे अब्बू म्हणाले होते, आलिमांना, म्हणजे धर्माच्या जाणकारांना, विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही. अब्बूंचे चार यंत्रमाग. ते बंद ठेवून ते या मोहल्ल्यातून त्या मोहल्ल्यात विचारत फिरत होते. दुसऱ्या रविवारी ते खारी बिस्किटांचा पुडा घेऊन थेट आमच्या घरी हजर झाले. मी चहा टाकायला गेले आणि तिथूनच कान देऊन उभी राहिले.

"मास्तरजी," अब्बू म्हणाले, "दोन मौलाना साफ नाही बोलले. लड़की पहले कलमा पढ़े, मग निकाह. तिसरे बुजुर्ग आहेत, ते बोलले, किताबवाल्यांची मुलगी चालते. और जिनके पास हज़ारों साल की पोथ्या आहेत, वो किताबवाले नहीं तो कौन? सगळे असं मानत नाहीत, हेही बोलले. पण मानणारेही आहेत."

आप्पांनी सगळं लिहून घेतलं. दोन नाही डावीकडे, एक हो उजवीकडे. मग आपल्या शास्त्र्यांचं काय झालं, तेही अब्बूंना सांगितलं. अब्बू गेल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. आई म्हणाली, "अहो, चांगलंच बोलले की ते."

"तेच तर! त्यांच्या बुजुर्गांनी खुल्या मनाने हो म्हटलं आणि आपल्या पहिल्या शास्त्र्यांनी दार लावून घेतलं. काय वाटलं असेल त्यांना? आपल्याकडे काय मनाचा दुष्काळ पडलाय?"

झालं! सोमवारी सकाळी सातलाच मला हाक, स्कूटर काढ. त्या आठवड्यात आप्पांनी आणखी चार जण गाठले, जुन्या पोथ्यांचे गठ्ठे सोडले आणि उजवीकडची तीन पानं भरली. पुढच्या रविवारी त्यांनी ती अब्बूंना वाचून दाखवली. अब्बू ऐकत गेले, दाढी कुरवाळत गेले आणि म्हणाले, "वा! म्हणजे मला अजून एकाकडे जावं लागणार." दोघं इरेला पेटले होते. आपल्या घरचं मन दुसऱ्यापेक्षा लहान दिसता कामा नये, एवढीच चिंता. आई म्हणाली, यांचं ठरेपर्यंत पोरांचे केस पिकतील.

मला मात्र हसू येत नव्हतं. महिना संपत आला आणि सहीचं नाव नाही. विचारलं की आप्पा म्हणायचे, "बघू, अजून दोघांना विचारायचंय." शेवटच्या आठवड्यात जेवताना माझा तोल गेला. "तुम्हाला मुलगी नकोच आहे," मी ओरडले. "तुम्हाला भाऊकीत मानाचा पाट हवाय. बसा वही घेऊन!" आप्पा नुसते म्हणाले, "पोळी गार होतेय. जेव." मी ताटावरून उठले. आजही ते आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

लग्नाच्या दिवशी आम्ही कचेरीत अकराला पोचलो. त्याने एका मित्राला तयार ठेवलं होतं, आप्पा आलेच नाहीत तर म्हणून. साहेबांनी दोनदा विचारलं, तिसरा साक्षीदार कुठाय? मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखी दाराकडेच बघत होते. मित्र खिशातून पेन काढतो न काढतो तोच बाहेर रिक्षा थांबली. आप्पा आणि अब्बू उतरले, तेही गांधर्वविवाहावर वाद घालत! मागून आई, हातात हारांची पिशवी.

आप्पांनी वही माझ्या हातात दिली. "धर जरा," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. मी सहज पहिलं पान उघडलं. एवढे दिवस ते मी पाहिलंच नव्हतं. वर त्या पोह्यांच्या सकाळची तारीख होती आणि खाली फळ्यावर लिहावं तशा गोल अक्षरात दोन ओळी.

"मुलीच्या लग्नाला सही करायची आहे. भाऊकी विचारील तेव्हा दाखवण्यासाठी आधार शोधणे."

मला रडू कोसळलं. सगळ्या कचेरीसमोर, नवी साडी नेसून, हुंदके देऊन रडले मी. अब्बू घाबरून पाणी शोधायला धावले. आप्पा शांतपणे वाकून सही करत होते.

"मग मला सांगितलं का नाही हो?" मी विचारलं.

"तू वही उघडून बघितलीस कुठे? तू नुसती भांडत होतीस."

"आणि आधार निघालाच नसता तर?"

आप्पांनी सहीखाली रेघ ओढली, पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तर दुसरी वही आणली असती."