पावण्यांचा चहा

अक्का मला रोज नव्यानं भेटायच्या. मी दारात दिसलो की कॉटवरूनच विचारायच्या, "कुठलं पावणं म्हणायचं?" मी त्यांचा फिजिओथेरपिस्ट. राजारामपुरीत माझ्या क्लिनिकच्या मागच्या गल्लीतच त्यांचं घर. पक्षाघातानं त्यांचं डावं अंग लुळं पडलं होतं आणि आठवणीही विस्कटल्या होत्या. सकाळचा नाष्टा दुपारी आठवत नसे, तिथं माझं तोंड काय लक्षात राहणार!

व्यायामाचं नाव काढलं की अक्का भिंतीकडे वळायच्या. पायात ताकद परतू लागली होती, उभं राहणं जमण्यासारखं होतं. पण उठायचं कशासाठी, हेच त्यांना पटत नव्हतं. "बरी हाय की मी. तुमचं काय अडलंय?" मी गोड बोललो, रागावलो, नातवंडांची नावं घेतली. अक्का ढिम्म. आत्ता उभ्या राहिल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सून शैला बिचारी डोळे पुसत रोज माझ्यापुढं चहा ठेवायची.

एकदा शैला औषधं आणायला गेली होती. अक्कांनी माझी रीतसर चौकशी केली, गाव कुठलं, पोरंबाळं किती. मग त्या स्वयंपाकघराकडे बघत राहिल्या. चहा काही येईना. त्यांचा जीव कासावीस झाला. "घरात आलेलं माणूस कोरडं जायाचं म्हंजे काय?" म्हणाल्या आणि पाय खाली सोडले. मी धावत जाऊन कमरेला धरलं. म्हातारी उभी राहिली की हो!

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. मी कोण, हे त्यांच्याकडून रोज पाठ करून घेण्यात मी आठवडे घालवले होते. आता पावणाच राहायचं ठरवलं आणि शैलाला चहा बंद करायला सांगितला. ती ऐकेना. आजारी सासूला गॅसपुढं उभं केलं म्हणून गल्ली नावं ठेवेल, म्हणाली. तिचं खोटं नव्हतं. समोरच्या वहिनींनी तर मलाच सुनावलं. पण आम्ही नेट लावला. शैला गॅस सांभाळायची, मी अक्कांना मागून धरायचो. कधी साखर दोनदा पडायची, कधी चहापूडच राहायची. मी निमूट प्यायचो. झक्कास झालाय म्हटलं की दुसरा कप! हळूहळू त्यांच्या डाव्या हाताला बशी पेलू लागली. मग काठी टेकत त्या एकट्या ओट्यापर्यंत जाऊ लागल्या.

एका सकाळी गेलो तर अक्का खुर्चीत बसून मटार सोलत होत्या, दोन्ही हातांनी. माझी चौकशी नाही, काही नाही. मी बसून राहिलो. त्याही बसून राहिल्या. पुन्हा झटका तर नाही ना आला? जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अक्का, पावण्याला चहा?"

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"रोज येतोयस आन् पावणा कसला रं? जा, आत पातेलं हाय. माझ्यात साखर कमी टाक."

मी आत गेलो. शैला ओट्यापाशीच होती, तिनं सगळं ऐकलं होतं. बराच वेळ आम्हा दोघांनाही गॅस पेटवायचं सुचलं नाही.