त्यांना इंजिन ऐकू येत होतं

आमचे हे हाडांचे सर्जन. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात लोकांचे गुडघे आणि खुबे दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली. त्यांना ऐकू कमी येतंय हे घरात सगळ्यांना कळलं होतं, फक्त त्यांना सोडून. टीव्हीचा आवाज भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांपर्यंत जायचा. मी काही म्हटलं की आधी ‘काय?’ यायचं, मग ‘नीट बोल ना’, आणि तिसऱ्यांदा सांगेपर्यंत मलाच त्या गोष्टीत गोडी उरत नसे. मशीन लावा म्हटलं की म्हणायचे, “माझे कान उत्तम आहेत. तुम्हीच सगळे हल्ली पुटपुटता.”

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मुलीने आम्हाला एक सहल भेट दिली. उत्तरेकडच्या माळरानातून जाणारी जुनी रेल्वे, वाफेचं इंजिन, मध्ये एक मुक्काम. “आई, मी दोघांची तिकीट काढला आहे,” ती म्हणाली. “शनिवारी जायचं, रविवारी परत. नाही म्हणू नको.” तिचं मराठी इथे वाढलेलं आहे. पण ती आमच्याशी बोलते मराठीतच, त्यामुळे मी चुका काढत नाही.

मला मनातून जायचं नव्हतं. घरात ओरडून बोलते ते कमी होतं का, की आता गाडीतही ओरडायचं? तरी मेमधल्या त्या शनिवारी थर्मास, थालीपिठं आणि दोन स्वेटर घेऊन निघाले.

गाडीचे डबे जुन्या पद्धतीचे, सहाजणांच्या खोल्या केलेले. गादीला कोळशाचा आणि जुन्या लोकरीचा वास. आमच्यासमोर एकटी प्रवास करणारी एक वयस्कर इंग्लिश बाई होती, गळ्यात दुर्बीण अडकवलेली. तिला थालीपीठ दिलं, तिने आम्हाला आल्याचा केक दिला, आणि ओळख झाली.

शेवटचं गाव मागे पडलं आणि चढ लागला. झाड नाही, घर नाही, नुसतं तपकिरी गवत, दगडी कुंपणं आणि मेंढ्या. इंजिनाला दम लागला तसा त्याचा आवाज जड झाला. हे एकदम सरळ होऊन बसले. मग उठून त्यांनी खिडकी खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

“अहो, डोळ्यात कोळसा जाईल,” मी ओरडले. अर्थात, ऐकलं नाही.

थोड्या वेळाने आत वळले तेव्हा कपाळावर काजळी होती आणि चेहरा असा, की मी नुसती बघत राहिले. “अगं, ऐकतेस ना? चढावर कसा ठोका घेतंय बघ. आता चाक जरा घसरलं, कळलं तुला?” मला काहीच कळलं नव्हतं. मला नुसता गोंगाट ऐकू येत होता. त्यांना त्यातला एकेक ठोका वेगळा लागत होता. रुळांच्या सांध्यांवर ते बोटांनी खिडकीच्या चौकटीवर ताल धरत होते. समोरच्या बाईला हातवारे करून समजावत होते. इतकं गप्पिष्ट झालेलं मी त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

माळाच्या मधोमध एका लहानशा स्टेशनवर गाडी इंजिनात पाणी भरायला थांबली. सगळे पाय मोकळे करायला उतरले. आमचा डबा अगदी शेवटचा, त्यामुळे इंजिन लांब राहिलं आणि एकदम शांत झालं. त्या शांततेत वरून चंडोलाचं गाणं सुरू होतं, न थांबता, जणू कोणी आकाशातून बारीक मोती ओतत होतं. ती बाई वर बोट दाखवून हसली. फलाटावरची माणसं एकामागून एक मान वर करून उभी राहिली. यांनीही वर पाहिलं. दुर्बीण मागून घेतली आणि पक्षी शोधून काढला.

“चोच हलतेय,” ते म्हणाले. “गातोय का तो?”

“गातोय.”

“कधीपासून?”

“आपण उतरलो तेव्हापासून.”

त्यांनी दुर्बीण खाली केली. मी त्यांच्या स्वेटरच्या बाहीला धरून उभी राहिले. गार्डने शिटी वाजवली तेव्हा आम्ही शेवटी चढलो.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी जेवण झाल्यावर ते पलंगाच्या काठावर बसून म्हणाले, “वय झालं की उंच पट्टीचे आवाज आधी जातात. भरीव आवाज राहतात. इंजिन मला तुझ्याइतकंच ऐकू येत होतं, म्हणून किती बरं वाटलं.” मग जरा थांबून, “मला खरंच वाटायचं, तुम्ही हळू बोलता.”

“मी हळू बोलते?” मी म्हटलं. “माझा आवाज पुण्यात माहेरी दोन गल्ल्या ओलांडून जायचा.”

तेव्हा ते हसले. मला चंडोल कसा गातो ते करून दाखव म्हणाले. मला गाता येत नाही, तरी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी काहीतरी चिवचिवले. शेजारच्या खोलीतल्यांनी काय समजायचं ते समजलं असेल. रविवारी परतीच्या वाटेवर ते पुन्हा खिडकीत उभे राहिले, या वेळी मला शेजारी घेऊन. घसरलेलं चाक मलाही एकदा कळलं.

पंधरवड्याने ते आपणहून कानाच्या क्लिनिकमध्ये गेले. मशीन मिळाल्यावर पहिले काही दिवस नुसती कुरकुर. फ्रिज गुरगुरतो, मी पापड फार जोरात खाते, गाडीचा इंडिकेटर टिकटिक करतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. कधी रागाने काढून ठेवायचे, जेवताना परत घालायचे.

नागपूरला यांचे थोरले भाऊ असतात. त्यांचा फोन आला की हे गेली काही वर्षं तो माझ्या हातात द्यायचे. “तूच बोल, मला कामं आहेत.” भावजी दुखावले जात, आणि मी दोघांकडची बाजू सांभाळत राही. त्या महिन्यात एका रविवारी फोन वाजला आणि यांनीच उचलला. मी चहा ठेवून आले तरी बोलणं चालूच होतं, कुठल्याशा जुन्या सायकलवरून दोघं भांडत होते. चहा निवला. मी तो परत गरम करून त्यांच्या हाताशी ठेवला आणि दार लोटून घेतलं.