सिरिंज पंप आणि आमचा सात खाटांचा वॉर्ड

वॉर्डात नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. ते युनिफॉर्मला चिकटून आपोआप घरी येतात, आणि धुतले तरी जात नाहीत! आम्ही जुन्या सिस्टर भेटलो की चहा गार होतो आणि कुणीतरी म्हणतंच, "ए, ती सलाईनवाली गोष्ट सांग ना."

नव्वदच्या दशकात मी जालन्यातल्या एका छोट्या दवाखान्यात होते. आमच्या इन्चार्ज कांबळे सिस्टर. कुणी भुताखेताचं काढलं की त्या म्हणायच्या, "आधी ड्रिप बघ, मंग भूत बघ!"

* * *

हसनाबादची एक आजी आल्ती, जुलाबांनी पार गळालेली. सलाईन संपत आली तशी ही थेंबांकडे टक लावून बसली. ओठ हलत होते.

"आजी, जप करून राह्यल्या का?"

"न्हाई माय. आमच्या गल्लीतली गेलेली माणसं मोजून राह्यले. एका थेंबाला एक."

बाटली संपली. मी सुई काढायला हात घातला, तर म्हणाली, "थांब. एक राह्यलं."

"कोण?"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "जाऊ दे. तू तरणी पोर, भिशील."

त्या दिवशी मला डबा गेला नाही!

* * *

परतूरचा एक म्हातारा खाटेवरून गायब! शोधाशोध केली, तर गडी स्टँडवर, परतूरच्या गाडीत. एका हातानं सलाईनची बाटली उंच धरलेली, शेजारच्या सीटवर रुमाल टाकलेला.

"बाबा, चला जल्दी!"

"थांबा हो. भाऊ न्यायला आल्ता. पाणी प्यायला गेलाय."

त्याचा भाऊ वर्षापूर्वी आमच्याच वॉर्डात वारला होता. मी त्याच्या हातातली बाटली घेतली. तेवढ्यात कंडक्टर बोलला, "तो मफलरवाला का? आत्ता तर उतरला!"

* * *

मग आमच्याकडं सिरिंज पंप आला. डब्याएवढं मशीन. औषधानं भरलेली सिरिंज त्यात आडवी बसवायची, मशीन तिची दांडी सावकाश ढकलतं आणि तासाला मोजून औषध सोडतं. अडथळा आला की टीं-टीं बोंबलतं.

खिडकीबाहेर कडुनिंबावर एक साळुंकी होती. आठ दिवसांत ती तोच आवाज शिकली! आम्ही धावत यायचो, पंप गप्प.

पुढं पंप दुरुस्तीला औरंगाबादला गेला. एका दुपारी पुन्हा टीं-टीं. मी म्हटलं, "साळुंकी आहे, बसा." पण थांबेचना. कांबळे सिस्टर वैतागून खिडकी लावायला गेल्या, तर खिडकीजवळच्या बाईची सुई निसटलेली, चादर रक्तानं भिजलेली, बाई पांढरीफटक. वेळेवर सापडली म्हणून वाचली.

"पंपापेक्षा पाखरू बरं!" आम्ही हसलो.

वॉर्ड झाडणारे शेखमामा थांबले. "सिस्टर, कडुनिंब तर सोमवारीच तोडला. साळुंकी बसली कशावर?"

* * *

दुरुस्त झालेला पंप पहिल्यांदा लागला तो जांब समर्थच्या पारूबाईला. अंगात विष भिनलेलं, बीपी फक्त औषधावर टिकलेलं. शेवटची सिरिंज दोन वाजता संपणार होती आणि जालन्यात ते औषध शिल्लक नव्हतं. मुलगा आणायला औरंगाबादला गेला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषध थांबलं तर ती दहा मिनिटंही काढणार नाही."

दोन वाजले. सिरिंजमध्ये दोन एमएल उरलं होतं. अडीच वाजले, दोनच एमएल. कांबळे सिस्टरनी नळी पाहिली, सुई पाहिली, सगळं बराबर. पंप चालू, अलार्म नाही, बीपी जिथल्या तिथं. तीन वाजले. चार वाजले. आम्ही दोघी सिरिंजवरच्या दोनच्या रेघेवरून नजर हलवत नव्हतो.

पाचला मुलगा धापा टाकत आला. नवी सिरिंज लावली. जुनीत दोन एमएल तसंच!

डॉक्टरांनी सिरिंजमध्ये पाणी भरून पंप तपासला. मिनिटाचाही फरक नाही.

नवव्या दिवशी पारूबाई स्वतःच्या पायांनी घरी निघाली. दाराशी थांबली, मागं वळली. तिच्या रिकाम्या खाटेच्या उशाशी, जिथं पंप होता तिथं बघून म्हणाली,

"येते गं बाई. लई वेळ दांडी धरून बसलीस, बोट दुखलं असंल तुझं."