टेबलावरचं खोटं कपाट

इमारतीत त्यांना सगळे ‘तीनदा’ म्हणत. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचं, मग दोन जिने उतरायचे आणि पुन्हा वर येऊन चौथ्यांदा ओढायचं. खरं तर त्यांचं नाव ‘चारदा’ असायला हवं होतं, पण चौथ्या वेळेपर्यंत बघणारे आपापल्या घरात गेलेले असत.

धंद्याने ते सूचीकार. जाड पुस्तकाच्या शेवटी कुठला शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगणारी बारीक टायपातली यादी असते ना, ती करणारा माणूस. ही यादी कुणीतरी बसून करतो हे फार कमी लोकांना माहीत असतं. बाकीच्यांना वाटतं, ती पुस्तकाला आपोआप उगवते. पण या कामाला संशयी माणूसच लागतो. लेखक म्हणतो ‘मुंगी, पान ८२’. सूचीकाराने ८२ उघडून मुंगी खरोखर तिथे आहे की निघून गेली, हे बघायचं असतं. तीस वर्षं हे केल्यावर त्यांचा जगातल्या कुठल्याच पान-क्रमांकावर विश्वास उरला नव्हता. वाण्याने अर्धा किलो म्हटलं की हे मनात म्हणत, ‘कुठल्या पानावर?’

सध्या हातात होतं एका निवृत्त प्राध्यापकांचं घरगुती कीटकांवरचं नऊशे पानी पुस्तक. ढेकूण, झुरळ, वाळवी, कसर, सगळं गणगोत त्यात होतं. प्रकाशकबाईंनी फोनवर बजावलं होतं, “काका, मागची सूची तीन आठवडे उशिरा आली. ही सोमवारी सकाळी अकराला टेबलावर हवी. नाही आली तर पुढच्या सूच्या आम्ही मशीनकडूनच करून घेऊ. वाईट वाटून घेऊ नका.”

वाईट वाटून घेऊ नका असं कुणी म्हटलं की माणसाला नेमकं काय वाटतं, ते सांगायला नको.

उशीर त्यांचा नव्हता, कॉम्प्युटरचा होता. पुस्तकाची नऊशे पानं त्यात भरलेली. ‘वाळवी’ शोध म्हटलं की आतली म्हातारी डिस्क कण्हत-कुंथत उठायची आणि चार मिनिटांनी उत्तर आणायची. शब्द तीन हजारांवर. शेवटी बायकोने आपल्या धाकट्या भावाला बोलावलं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

मेहुण्याने मशीन बघितलं आणि हसला. “भाऊजी, तुम्ही राजवाड्यात राहून न्हाणीघरात झोपताय.”

“म्हणजे?”

“हे मशीन नकाशे काढणाऱ्या ऑफिसातलं जुनं आहे ना? यात मेमरी सोळा जीबी आहे. तुम्ही वापरता जेमतेम चार. हे बघा, डिस्क म्हणजे कपाट, मेमरी म्हणजे टेबल. तुमचं टेबल जेवणावळीएवढं आहे आणि तुम्ही एका कोपऱ्यात वही ठेवून दर शब्दाला उठून कपाटापाशी जाताय. मी काय करतो, रिकाम्या टेबलावरच एक खोटं कपाट उभं करून देतो. मशीनला वाटेल नवीन ड्राइव्ह आला. पुस्तक त्यात ठेवा. पळेल नुसतं.”

या सगळ्यातून सूचीकारांनी एकच शब्द उचलला. “खोटं?”

“खोटं म्हणजे तसं खोटं नाही हो.”

“खोटं किती प्रकारचं असतं?”

“अहो, करू द्या ना त्याला,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

अर्ध्या तासात स्क्रीनवर खरोखर एक नवा ड्राइव्ह दिसायला लागला. मेहुण्याने ‘वाळवी’ टाकलं आणि डोळ्यांची पापणी लवायच्या आत एकशे चौदा पानं हजर. सूचीकारांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इतकं पटकन मिळालेलं उत्तर त्यांनी आयुष्यात फक्त विमा एजंटाकडून ऐकलं होतं.

“एक लक्षात ठेवा,” निघताना मेहुणा म्हणाला, “मशीन बंद झालं की टेबल पुसलं जातं. खोटं कपाट साफ. म्हणून रोज काम झालं की जुन्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. रोज. न विसरता.”

तो जिना उतरतो न उतरतो तोच सूचीकारांनी मशीनची बाजू उघडून बॅटरी मारली. नवीन ड्राइव्ह म्हणावा असा कुठे काही नव्हता. आठ स्क्रूंपैकी सात होते. आठवा मशीन विकत घेतलं तेव्हाच नव्हता, पण ही गोष्ट त्यांनी तूर्त विचारात घेतली नाही.

“वस्तू दिसत नाही, वजन नाही, दाम नाही, आणि काम दसपट,” ते बायकोला म्हणाले. “आणि रोज जुन्या डिस्कवर उतरवून ठेव म्हणतो. का? ती डिस्क बिघडली की दुरुस्तीला कुणाकडे जाणार?”

“त्याच्याकडे.”

“बघ!”

“अहो, झुरळांची यादी चोरून तो काय करणार आहे? घरात आहेत तेवढी त्याला पुरेत.”

पण सूचीकार म्हणजे सूचीकार. ८२ उघडून बघितल्याशिवाय मुंगी मान्य नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी परीक्षा घेतली. नव्या ड्राइव्हमध्ये एक ओळ लिहिली आणि जेवायला जाताना रोजच्यासारखं कीबोर्डवरचं चंद्रकोरीचं बटण दाबलं. मशीन बंद करण्याची त्यांची हीच रीत होती. एरवी ते उठायला दहा मिनिटं घ्यायचं, या बटणाने लगेच उठायचं. स्क्रीन काळा झाला, पंखा थांबला. समोरचा बारका दिवा त्यानंतरही लुकलुकत राही, पण तो आपल्याला डोळा मारतो असं वाटून त्यांनी केव्हाच त्यावर जखमेची पट्टी चिकटवून टाकली होती. जेवून आले, मशीन उठवलं. ओळ जागच्या जागी!

संध्याकाळी पुन्हा. सकाळी पुन्हा. तीनदा. ओळ हलली नव्हती.

‘म्हणजे मेहुणा खोटं बोलला,’ त्यांनी वहीत लिहिलं. ही त्यांची संशयाची वही. पाणी किती वाजता गेलं, शेजाऱ्यांचं कुत्रं कुणाला बघून भुंकलं, सगळं तारीखवार. आणि आता त्यात नवीन भर पडली होती: ‘११.०० जुनी डिस्क आपणहून कुरकुरली. १२.०० पुन्हा. १.०० पुन्हा.’ त्यांनी हात लावला नसताना ती डिस्क तासाच्या ठोक्याला जागी होऊन काहीतरी चघळत होती. वाळवीचं पुस्तक हाताळणाऱ्या माणसाला यातून एकच निष्कर्ष निघत होता. जुनी डिस्क फितूर आहे! तिच्यावर काही ठेवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं. पेनड्राइव्हचा तर प्रश्नच नव्हता. बोटाएवढी वस्तू, खिशातल्या भोकातून जाते.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो हे खरं, पण एकदा ताक थंड आहे अशी खात्री झाली की तोच अख्खं भांडं तोंडाला लावतो. एकोणीस दिवस सूचीकारांनी सगळं काम त्या नव्या ड्राइव्हमध्ये केलं, फक्त तिथेच. शब्दांच्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत होत्या, पण ताडून पाहिलेले पान-क्रमांक दुसरीकडे कुठेही नव्हते. काम असं पळत होतं की ते चक्क गुणगुणायला लागले. बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला.

शुक्रवारी दुपारी ‘हिरवा तुडतुडा’ आणि ‘हुमणी’ झाली. फक्त ज्ञ-बिज्ञ किरकोळ राहिलं. सासूबाईंच्या पायाचं प्लास्टर निघालं होतं, म्हणून दोन दिवस मेहुण्याकडे जायचं ठरलेलं. घराबाहेर मुक्काम म्हटलं की त्यांचा विधी ठरलेला होता. गॅस, नळ, खिडक्या, आणि घरातले सगळे प्लग भिंतीतून उपटून जमिनीवर ओळीने मांडायचे. बटणावर विश्वास नाही. बटण कुणीही दाबू शकतं. चंद्राचं बटण दाबून त्यांनी प्लग मोजले. अकरा. पुन्हा मोजले. अकरा. निघाले, जिन्यावरून परत आले, कुलूप ओढलं आणि निवांत मनाने बस पकडली.

जेवताना मेहुण्याने वाढता वाढता विचारलं, “भाऊजी, उतरवून घेता ना रोज?”

“का?”

“सहज.”

“सहज कुणी काही विचारत नाही.” मग त्यांना राहवलं नाही. “आणि काय रे, बंद केलं की पुसलं जातं म्हणालास. मी रोज बंद करतो. तीनदा बघितलंय. काही पुसलं जात नाही.”

“कसं बंद करता?”

“चंद्राच्या बटणाने.”

मेहुणा हसायला लागला. “अहो, ते बंद नव्हे, ती झोप! झोपेत टेबल तसंच मांडलेलं राहतं, वीज चालू असते ना आत. प्लग काढून बघा, मग कळेल.”

सूचीकारांचा घास तिथेच थांबला. डोळ्यांपुढे जमिनीवर ओळीने झोपलेले अकरा प्लग आले.

“काय झालं हो जावईबापू?” सासूबाईंनी विचारलं. “तिखट लागलं का?”

“नाही. छान आहे,” ते म्हणाले. आता काय सांगणार? तुमचा मुलगा लबाड आहे असं मी गृहीत धरलं, म्हणून त्याचं ऐकलं नाही, असं? त्यांनी पाणी प्यायलं आणि पुढचे दोन दिवस पाणीच पीत राहिले.

रविवारी दुपारी घरी पोचल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पायातले जोडेही न काढता प्लग खोचला. मशीन दहा मिनिटं घेऊन उठलं. नवा ड्राइव्ह उठला. स्वच्छ. धुऊन पुसून ठेवलेल्या ताटासारखा. अ ते ह, एकोणीस दिवस, तीन हजार शब्द. आणि उद्या सकाळी अकरा.

“पुस्तक गेलं?” बायकोने विचारलं.

“पुस्तक आहे. मी गेलो.”

ती नुसती शेजारी स्टूल ओढून बसली. हे टोमण्यापेक्षा वाईट होतं.

बराच वेळ ते वही चाळत बसले. माणूस बुडायला लागला की काडीचा आधार घेतो, आणि हे तर जन्माचे संशयी. त्यांनी आधाराला संशयच धरला. ११.०० कुरकुर. १२.०० कुरकुर. एकोणीस दिवस, मशीन जागं असताना एकही तास चुकलेला नाही. त्यांनी फोन उचलला.

“खरं सांग,” मेहुण्याला त्यांनी नमस्कारही घातला नाही. “माझ्या जुन्या डिस्कवर दर तासाला तू काय करत होतास?”

“भाऊजी,” मेहुणा हळूच म्हणाला, “प्लग काढला होता का?”

सूचीकारांची नजर जमिनीवर उरलेल्या दहा प्लगांवर गेली.

“जुन्या डिस्कवर ‘जुनी बिलं’ नावाचा फोल्डर आहे, तो उघडा. खोट्या कपाटातलं सगळं दर तासाला त्यात आपोआप उतरतंय, पहिल्या दिवसापासून. तुम्ही उतरवणार नाही याची मला खात्री होती.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही ते बंद केलं असतं.”

सूचीकारांनी फोल्डर उघडला. मुंगी होती, वाळवी होती, सगळं गणगोत ओळीने उभं होतं. शेवटची नोंद शुक्रवारी दुपारी बाराची. वहीत घर सोडल्याची वेळ होती बारा वाजून चाळीस मिनिटं. म्हणजे गेली ती फक्त चाळीस मिनिटं, हिरवा तुडतुडा आणि हुमणी. बायको चिठ्ठ्या वाचत गेली, ते शोधत गेले, ज्ञ-बिज्ञही उरकलं आणि अंधार पडायच्या आत सूची पुरी झाली. छापून घेतली, पिशवीत घातली, पिशवी दाराच्या कडीला अडकवली. सोमवारी अकराला दहा कमी असताना ती प्रकाशकबाईंच्या टेबलावर पडली. बाईंनी मधूनच एक पान उघडून मुंगी ताडून पाहिली. त्या क्षणी सूचीकारांना त्या बाई पहिल्यांदाच आवडल्या.

घरी येऊन त्यांनी मेहुण्याला फोन लावला. आभार मानायचे होते.

“पोचली का सूची?” मेहुण्यानेच विचारलं.

“पोचली.”

“बरं झालं. मग आता ती तासाची कुरकुर बंद करून टाकू?”

“छे छे, राहू दे.” त्यांनी वही उघडून शुक्रवारची नोंद पुन्हा बघितली. “तास म्हणजे फार होतो रे. चाळीस मिनिटं गेली माझी. अर्ध्या तासाची कर.”

“करतो.”

“आणि करायला आलास की जेवूनच जा,” ते म्हणाले. मग घाईने जोडलं, “येताना तो आठवा स्क्रूही घेऊन ये.”