उतार कमी केलेलं स्टेशन

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांची काळजी, आणि घरी आला की स्वतःचे डोळे कॉम्प्युटरमध्ये घालून बसायचं! काय करायचा? तर आगगाडी चालवायच्या खेळात आमच्या शहराची उपनगरी लाइन बांधायचा. रूळ, सिग्नल, फलाट, फलाटावरचे बाक, सगळं. एका पुलाचे कठडे मनासारखे जमेनात, तर सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन मोजून आला. मी म्हटलं, "अरे, खऱ्या गाड्या काय बंद पडल्यात?" नुसता हसला.

हे सगळं त्याच्या लेकीसाठी चाललं होतं. पोरगी गाडीची ड्रायव्हर व्हायला निघालेली. परीक्षेत दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा टेकडीखालच्या स्टेशनावर. तिथे रूळ उतरत येतात. ब्रेक लावायला जरा उशीर झाला की गाडी फलाट सोडून पुढे. आता शेवटची संधी उरली होती. ही हुकली की तिकीट खिडकीत बसायचं, जन्मभर. पोरगी धड जेवेना, कुणाशी बोलेना. बापाचा जीव तीळ तीळ तुटायचा.

लाइन तयार झाली आणि ती सरावाला बसली. सुरुवातीला गाडी रोज पुढे जायची. मग एकदाची थांबायला लागली, अगदी खुणेवर. घरात पुन्हा हसणं-खिदळणं सुरू झालं, आणि मीही सुटकेचा निःश्वास टाकला.

परीक्षा तोंडावर आली असताना एका दुपारी मला हुक्की आली. "सरक गं, मला चालवू दे." मला साधी सायकल येत नाही! पोरीने ब्रेक कुठला ते दाखवलं. मी टेकडीवरून सुटले ती भरधाव, ब्रेक आठवला तो फलाट दिसल्यावर. आणि गाडी थांबली की! फलाटातच! मी टाळ्या पिटल्या. "बघ, आत्या पास!"

पोरगी हसली नाही. तिने बापाकडे पाहिलं. "बाबा, उतार खरा आहे ना?"

त्याचे कान लालेलाल.

"कमी केला होता," शेवटी बोलला. "दुकानात तसंच करतात गं. एखाद्याला पूर्ण नंबर झेपत नाही, गरगरतं. मग आधी कमी नंबर द्यायचा, सवय झाली की वाढवायचा. मी वाढवणारच होतो. पण तू हसायला लागलीस... मग हात धजेना."

"मग परीक्षेत काय करणार होते मी? साहेबांना सांगू, तेवढा उतार कमी करा?" तिचा आवाज फाटला. "म्हणजे तुम्हालाही वाटतं, मला जमणार नाही."

एरवी मी भावाची बाजू घेत नाही, पण तेव्हा त्याची इतकी दया आली, काय सांगू! आणि रागही तेवढाच. मेल्या, लाडाला काही सुमार? "उतार खरा आहे तसा कर आधी," मी ओरडले. त्याने मुकाट्याने केला.

परीक्षेत ती पास झाली. आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा. पण माझ्या मनात घर करून बसली ती तीच दुपार. खऱ्या उतारावर तिची गाडी पुढे गेली. पुन्हा चालवली, पुन्हा पुढे. भावाला बघवेना. चहा टाकायचं निमित्त करून तो उठला.

"बाबा, बसा इथे," मान न वळवता ती म्हणाली. "मी चुकते ते बघायची तुम्हीही सवय करा."

तो बसला. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. गाडी टेकडीवरून निघाली, फलाट आला, फलाट मागे गेला. त्याने डोळे मिटले नाहीत.